विकायला काढलेला वृद्धाश्रम

वास्तू विकण्यापूर्वी तिच्यावर किती खर्च करावा, हा प्रश्न मला नाशिकमध्ये नेहमी विचारला जातो आणि त्याचे उत्तर मी साधारणपणे पाच मिनिटांत देतो: गळती थांबवा, रंग द्या, कागद गोळा करा, बाकीचे घेणारा आपल्या आवडीने करील. म्हसरूळजवळच्या एका वृद्धाश्रमाला मात्र हे उत्तर लागू पडले नाही, आणि तो व्यवहार अजून अधांतरी असल्यामुळे मीही त्याचा विचार सोडू शकलेलो नाही.

दिंडोरी रोडपासून थोडे आत, दहा गुंठ्यांच्या प्लॉटवर तळमजला आणि त्यावर एक मजला, असे त्या इमारतीचे स्वरूप आहे. मालकीणबाई सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका असून त्यांना तिथे सगळे, अगदी दूधवालासुद्धा, सिस्टर म्हणतात. आता त्यांचे स्वतःचेच गुडघे साथ देईनात आणि मुलगा बेंगळुरूला स्थायिक झाला, म्हणून चालता आश्रम विकायचे ठरले. रहिवासी वीसच्या आसपास असून त्यांतले निम्मे व्हीलचेअरवर किंवा वॉकरवर आहेत. एजंटने मुलाला आधीच एक यादी देऊन ठेवली होती: दर्शनी भागाला एसीपी शीट (अ‍ॅल्युमिनियमचे चकचकीत आच्छादन), हॉलला फॉल्स सीलिंग, अंगणात गझेबो. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, या पट्ट्यातले भाव चढणार, तेव्हा वास्तू फोटोत उठून दिसली पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. एजंट लोकांचे गणित फोटोपासून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते.

मी सिस्टरना सांगितले की, ज्याला आश्रम चालवायचा आहे तो समोरची भिंत पाहत नाही, तो न्हाणीघर पाहतो. त्यांना ते लगेच पटले, कारण रात्री दोन वाजता न्हाणीघरात पडलेल्या माणसाला उचलण्याचा अनुभव त्यांना होता. मुलाला मात्र अर्धेच पटले. शेवटी निम्मे पैसे माझ्या यादीला आणि निम्मे एसीपी शीटला, अशी वाटणी झाली.

माणसे राहत असलेल्या इमारतीत काम करणे ही काय चीज आहे, हे बाहेरच्यांना सहसा कळत नाही. इथे मजला रिकामा करून मिळत नाही. सकाळच्या अंघोळी आटोपल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंतच ब्रेकर चालवता येतो. एका वेळी एकच न्हाणीघर बंद ठेवता येते, आणि दम्याच्या रुग्णाची खाट हलवल्याशिवाय फरशी कापायचे कटर सुरू करता येत नाही. जुनी न्हाणीघरे नेहमीसारखीच होती: गुळगुळीत फरशी, पाणी बाहेर येऊ नये म्हणून दोन इंचांचा उंबरा, आणि आत उघडणारे दोन फुटी दार. आत उघडणाऱ्या दाराला टेकून माणूस पडला की दार उघडत नाही आणि ते तोडावे लागते. आम्ही सगळी दारे तीन फुटी केली, ती बाहेर उघडणारी बसवली आणि त्यांना बाहेरून नाण्याने फिरवता येणारी कडी लावली. उंबरे काढले, उतार नव्याने धरला आणि दारालगत लांब जाळी टाकली.

भिंतींना आधाराचे दांडे आधीपासून होते आणि एजंट ते अभिमानाने दाखवत असे. मी त्यांतल्या एकाला हात घालून जरा भार दिला, तर तो गट्टीसकट हातात आला. हलक्या ब्लॉकच्या भिंतीत प्लास्टिकची गट्टी ठोकून बसवलेला दांडा टॉवेल वाळत घालण्यापुरता असतो. माणसाचा तोल सावरायचा असेल, तर बोल्ट भिंतीतून आरपार काढून मागच्या बाजूला लोखंडी पट्टी द्यावी लागते, आणि ती पट्टी पलीकडच्या खोलीत दिसू नये म्हणून तिच्यावर पुन्हा गिलावा करावा लागतो. माझ्या मिस्त्रीने हे काम इतके नेटके केले, की नंतर आम्ही दोघेही त्या दांड्यांना लटकून पाहिले.

वास ही दुसरी गोष्ट. लघवी फरशीच्या सिमेंटच्या सांध्यांत, स्कर्टिंगच्या मागे आणि प्लायवूडच्या दारांच्या खालच्या कडेत मुरते. वरून कितीही फिनेल ओतले, तरी पावसाळी हवेत वास परत येतो. एजंटने त्यावर प्रत्येक खोलीत सुगंधाची डबी ठेवण्याचा उपाय सुचवला होता. आम्ही स्कर्टिंग उखडले, सांध्यांत इपॉक्सी भरली, न्हाणीघरांच्या चौकटी ग्रॅनाइटच्या केल्या आणि सडलेली दारे बदलली.

रॅम्पला तर अर्धे साइड मार्जिन, म्हणजे इमारतीच्या बाजूला मोकळी सोडलेली जागा, लागले. काळी माती आणि पावसाळ्यात अंगणात साचणारे पाणी यांमुळे जोते अडीच फूट उंच होते, आणि पूर्वीचा 'रॅम्प' म्हणजे स्कूटर चढवायचा उतार होता. १:१२ या प्रमाणाने अडीच फुटांना तीस फूट लांबी लागते, म्हणून मध्ये सपाट टप्पा देऊन तो वळवून घेतला.

या सगळ्यात मला सर्वांत समाधान देऊन गेलेली गोष्ट मात्र जवळजवळ फुकट झाली. हॉल आणि जेवणघर यांच्यामध्ये काळ्या ग्रॅनाइटची सहा इंची पट्टी होती. स्मृतिभ्रंश झालेले एक आजोबा रोज त्या पट्टीपाशी येऊन थबकत, खाली पाहत, आणि ओहोळ ओलांडावा तसा पाय उंच उचलून टाकत. अशा रुग्णांना जमिनीवरचा गडद पट्टा खड्ड्यासारखा भासतो, हे सिस्टरना माहीत होते; पण त्यावर आजोबांचा हात धरण्यापलीकडे काही करता येईल, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. आम्ही पट्टी काढून फरशीच्याच रंगाचा तुकडा बसवला. आजोबा दुसऱ्या दिवशी सरळ चालत जेवायला गेले.

कागदपत्रांची बाजू लंगडी होती. तळमजल्याला पूर्णत्वाचा दाखला होता, वरचा मजला मात्र नंतर परवानगीशिवाय चढवलेला होता. २०२० च्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीनुसार त्या प्लॉटवर चटईक्षेत्र, म्हणजे बांधता येण्याजोगे क्षेत्रफळ, शिल्लक होते, म्हणून तो प्रशमन शुल्क भरून नियमित करता येण्याजोगा होता आणि तशी फाइल महापालिकेत दाखल केली. ज्याने हा मजला बांधला त्याने सिस्टरना 'इथे कोण विचारतंय' असे सांगितले होते म्हणे. आता सगळेच विचारत होते.

एकाच दिवशी दोन गिऱ्हाइके आणली की भाव चढतो, या समजुतीने एजंटने पाहणीचा दिवस ठरवला. कोणी विचारले, तर पाहुणे देणगीदार आहेत असे सांगा, अशी ताकीद कर्मचाऱ्यांना दिली होती. सकाळी पुण्याच्या एक डॉक्टरबाई आपला मूल्यांकनकार घेऊन आल्या. त्याने लेझर मीटर बाहेर काढताच व्हरांड्यात बसलेल्या एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "देणगी देणारे खोल्या मोजत नाहीत हो. विकायला काढलंय, असं सरळ सांगा ना." त्यावर कोणालाच काही बोलता आले नाही, आणि एजंट फोन कानाला लावून फाटकाकडे गेला.

डॉक्टरबाईंनी एसीपीकडे पाहिलेही नाही. त्यांनी एक व्हीलचेअर मागवली, स्वतः तीत बसल्या आणि वॉर्डबॉयला म्हणाल्या, "मला सगळीकडे फिरवा, मी पाय टेकणार नाही." त्या रॅम्प चढल्या, हॉल ओलांडला, प्रत्येक न्हाणीघरात खुर्ची फिरते का ते पाहिले, दांडे ओढून पाहिले, बादलीभर पाणी ओतून ते कुठे जाते ते पाहिले. इतक्या वर्षांत माझ्या कामाची अशी तपासणी कोणी केली नव्हती. मग त्या जिन्यापाशी थांबल्या.

"वरचा माणूस आजारी पडला, तर खाली कसा आणता?"

"चादरीत घालून, चौघं मिळून," सिस्टर म्हणाल्या.

बाईंनी वहीत एक ओळ लिहिली. स्ट्रेचर मावेल अशा लिफ्टसाठी मी जिन्यालगत जागा दाखवली होती आणि अंदाजपत्रकही दिले होते. ते पैसे समोरच्या भिंतीवर चकाकत होते.

त्यानंतर त्यांनी अग्निशमनाचा फॉर्म बी, म्हणजे आगीपासून बचावाची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, मागितला, जो दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो आणि जो नव्हता. आणि मग रहिवाशांच्या अनामत रकमांची नोंदवही मागितली. प्रत्येक रहिवाशाने प्रवेशाच्या वेळी भरलेली ही रक्कम कधी तरी परत करायची असते, त्यामुळे आश्रम घेणारा ती किमतीतून वजा करतो. सिस्टरनी ती वर्षानुवर्षे खर्चात वापरली होती आणि किंमत सांगताना तिचा विचारच केला नव्हता. त्यांचा चेहरा उतरला. मूल्यांकनकाराने इमारतीचे वय लिहिले, घसारा लावला, वरचा मजला नियमित होईपर्यंत शून्य धरला, आणि मी केलेल्या सगळ्या कामाबद्दल शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द लिहिले: 'देखभाल चांगली'.

दुपारी बिल्डर आला. तो आत आलाच नाही. त्याने रस्त्याची रुंदी मोजली, कारण किती टीडीआर (दुसरीकडून विकत आणलेला जादा बांधकामाचा हक्क) चढवता येईल हे त्यावर ठरते, आणि रिकामा ताबा कधी मिळेल तेवढे विचारले. त्याचा आकडा डॉक्टरबाईंच्या आकड्यापेक्षा चाळीस लाखांनी जास्त होता. त्याच्या हिशेबात माझा रॅम्प, माझी दारे आणि आरपार बोल्ट यांची किंमत शून्यापेक्षाही कमी होती, कारण ते सगळे पाडायला त्याला खर्च येणार होता.

संध्याकाळी मुलगा फोनवर म्हणाला, "काका, मग या दुरुस्तीचा उपयोग काय झाला?" मी त्याला हिशेब सांगितला. अनामत दोन्हीकडे द्यावीच लागणार, बाईंना वजावटीने किंवा रहिवाशांना रोखीने, तेव्हा ती बाजूला ठेवू. पण ताबा रिकामा करायचा, तर वीस कुटुंबांना दुसरी जागा शोधायला सहा महिने तरी द्यावे लागतील. या काळात उत्पन्न आटत जाईल आणि कर्मचाऱ्यांचे पगार मात्र शेवटचा रहिवासी जाईपर्यंत चालूच राहतील. चाळीस लाखांतले बरेचसे त्यात जाईल. वरचा मजला नियमित झाला आणि लिफ्ट बसली, तर बाई आपला आकडा वाढवतील, असे त्यांनी जाताना स्पष्ट सांगितले होते. तरीही बिल्डरचा आकडा थोडा वरच राहतो, हेही मी लपवले नाही. ज्या कामासाठी मला पैसे मिळाले ते भाव वाढवण्याचे होते, रहिवाशांना तिथे ठेवण्याचे नव्हते. पण मी केलेल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीची किंमत ते तिथे राहिले तरच वसूल होते. ही गोष्ट काम घेताना मला कोणी सांगितली नाही आणि मीही कोणाला विचारली नाही.

प्रशमन शुल्काचे चलन भरून झाले आहे. बिल्डरचा विसार सिस्टरनी अजून घेतलेला नाही. गेल्या आठवड्यात त्यांनी लिफ्टचे कोटेशन पुन्हा मागवून घेतले आणि मुलाला इतक्यात सांगू नका, असे बजावले. मी दोन कंपन्यांचे आकडे दिले आहेत. दोन्हींत स्ट्रेचर मावतो, परवान्याचा खर्च धरलेला आहे आणि खड्डा काढताना वरच्या मजल्यावरच्या कोणाला हलवावे लागेल, याची यादी सोबत जोडली आहे.