कोणत्या दुखण्यावर कोणता राग? ब्रिटनमधील संगीतोपचाराच्या वर्गातून

मी ब्रिटनमध्ये संगीतोपचाराचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे हे शहाद्यातील आमच्या गणगोताला कळल्यापासून मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला जातो. धुळ्याचे आप्पा फोनवर सरळ अहिराणीत विचारतात, ‘‘भाऊ, रक्तदाबले कोणता राग चालस?’’ जळगावच्या मावशीला झोप लागण्यासाठी एखादी ध्वनिफीत हवी असते, आणि ज्यांच्याबरोबर मी गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद परीक्षा दिली ते स्नेही दर महिन्याला राग आणि आजार यांचा एखादा तक्ता मोबाइलवर पाठवतात. प्रत्येकाला तुटक उत्तर देण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे म्हणून हा लेख. असा तक्ता येथे शिकवला जात नाही, एवढे पहिल्यांदाच सांगून टाकतो; त्याऐवजी जे शिकवले जाते ते रागांची यादी पाठ करण्याहून बरेच अवघड आहे.

ब्रिटनमध्ये ‘म्युझिक थेरपिस्ट’ हे नाव कोणालाही लावता येत नाही. ते कायद्याने संरक्षित असून, मान्यताप्राप्त पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल या नियामक संस्थेकडे नोंदणी करावी लागते. फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ आणि रेडिओग्राफर यांचीही नोंदणी हीच संस्था करते. नोंदणी नसताना हे नाव लावणे हा गुन्हा ठरतो, आणि नोंदवही सर्वांसाठी खुली असल्यामुळे रुग्णाचे नातेवाईक घरबसल्या नाव तपासू शकतात. आपल्याकडे दोन दिवसांच्या शिबिरानंतर ‘ध्वनिचिकित्सक’ अशी पाटी लावणारे पाहिले की या व्यवस्थेचे मोल मला अधिक जाणवते.

या व्यवसायाचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेत मिशिगन स्टेट येथे १९४४ मध्ये पहिला पदवी अभ्यासक्रम सुरू झाला आणि दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या जखमी सैनिकांच्या रुग्णालयांमुळे त्याला बळ मिळाले. ब्रिटनमध्ये ज्युलिएट अल्व्हिन या चेलोवादक बाईंनी १९५८ मध्ये संस्था स्थापन केली आणि १९६८ मध्ये लंडनच्या गिल्डहॉल संगीत विद्यालयात प्रशिक्षण सुरू केले. त्याच सुमारास, १९५९ मध्ये, पॉल नॉर्डॉफ हे अमेरिकन संगीतकार आणि क्लाइव्ह रॉबिन्स हे विशेष मुलांचे शिक्षक एकत्र आले. त्यांच्या पद्धतीचा पगडा आमच्या शिक्षणावर आजही आहे.

ही पद्धत थोडी उलगडून सांगायला हवी, कारण आपल्या कल्पनेतील संगीतोपचाराच्या ती बरोबर उलट आहे. आपण असे समजतो की गायक गातो, रुग्ण डोळे मिटून ऐकतो आणि सुरांचा परिणाम त्याच्यावर होतो. येथे मात्र बहुतेक वेळा रुग्ण स्वतःच वाजवतो किंवा आवाज काढतो, आणि उपचारकाने त्याला संगीतात उत्तर द्यायचे असते. समजा, न बोलणारे एखादे मूल खोलीभर फिरत मध्येच झांजेवर एक फटका मारते आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करते. त्या फटक्याचा जोर, त्याआधीची शांतता, मुलाच्या पावलांची गती आणि त्याच्या हुंकाराचा स्वर हे सगळे टिपून, त्याला ‘तुझे मी ऐकले’ असे कळेल अशा रीतीने पियानोवर तत्काळ काही वाजवायचे असते. तेही इतके भरगच्च नव्हे की त्याचा पुढचा फटका त्याखाली दबून जाईल.

रागसंगीत शिकलेल्या माणसाला आलापाची, म्हणजे आयत्या वेळी रचण्याची सवय असते, म्हणून हे आपल्याला सोपे जाईल असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात आलाप रागाच्या नियमांत चालतो, त्याचे वादी-संवादी, म्हणजे मुख्य आणि त्याला साथ देणारा स्वर, ठरलेले असतात आणि तबलजीही आपल्या ठेक्याशी प्रामाणिक असतो. समोरच्या मुलाला ना राग असतो ना सम (तालाची पहिली मात्रा), आणि तरीही त्याच्या आवाजात एक आकार असतो. तो आकार ऐकू येण्यासाठी आधी आपली विद्वत्ता बाजूला ठेवावी लागते. उलट, पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेल्या माझ्या सहाध्यायांना समोर कागद नसला की चाचपडावे लागते, तिथे आपल्याकडील तालीम नक्की उपयोगी पडते. हार्मनीच्या, म्हणजे एकाच वेळी अनेक स्वर जुळवून वाजवण्याच्या, बाबतीत मात्र मी मागे होतो, कारण उजव्या हाताने पेटी वाजवून डाव्याने भाता ओढणाऱ्याला पियानोवर दोन्ही हातांनी साथ करणे नव्याने शिकावे लागते.

प्रत्येक सत्राचे, परवानगी घेऊन, ध्वनिमुद्रण होते आणि नंतर ते मिनिटामिनिटाने ऐकून नोंदी केल्या जातात: मुलाने कधी वाट पाहिली, कधी आपली लय धरली, कधी आपण घाईने त्याची जागा घेतली. अर्ध्या तासाच्या सत्रावर त्याच्या कित्येक पट वेळ जातो. या नोंदी घेऊन अनुभवी उपचारकासमोर बसायचे असते आणि तेथे संगीताच्या कौतुकाला फारसा वाव नसतो.

शिवाय प्रत्येक प्रशिक्षणार्थीने स्वतः मानसोपचार घेणे अभ्यासक्रमाचा बंधनकारक भाग आहे. दुसऱ्याच्या दुःखाजवळ बसताना आपले दुःख त्यात मिसळू नये, हा त्यामागचा विचार. घरी हे सांगितले तेव्हा फोनवर बराच वेळ कोणी बोलले नाही, आणि मग आईने हळूच विचारले की तिकडे जेवणाखाणाची आबाळ तर होत नाही ना. यापुढे मी तो विषय काढला नाही.

प्रात्यक्षिक अनुभवासाठी आम्हाला शाळा, रुग्णालये आणि वृद्धाश्रमांत पाठवतात. एका वृद्धाश्रमात स्मृतिभ्रंश झालेल्या एक गुजराती आजी होत्या. ओळख पटू नये म्हणून त्यांच्याविषयी अधिक लिहीत नाही. त्यांचे इंग्रजी आजारात पुसले गेले होते आणि तेथील कर्मचाऱ्यांना गुजराती येत नव्हते. आमच्या नंदुरबारकडच्या माणसाला, अहिराणी बोलत आणि सीमेपलीकडच्या बाजाराला जात मोठे झाल्यामुळे, गुजराती परकी वाटत नाही. सायंकाळ होऊ लागली की त्या अस्वस्थ होऊन दार ठोठावत, मोठ्याने हाका मारत. अशा वेळी संथ, मंद संगीत लावावे असे कोणालाही वाटेल, परंतु आयरा आल्टशुलर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९४० च्या दशकात मांडलेले तत्त्व वेगळे आहे: माणूस ज्या अवस्थेत आहे त्याच अवस्थेचे संगीत आधी द्यावे, आणि तो त्यात सामील झाल्यावर हळूहळू लय व आवाज उतरवीत न्यावा. आजींच्या ठोठावण्याच्या लयीतच मी गरब्याच्या टाळ्या धरल्या, त्यांनी माझी टाळी दुरुस्त केली, आणि थोड्या वेळाने आम्ही दोघे बऱ्याच सावकाश लयीत गात होतो. त्यांची स्मृती परत आली नाही, येणारही नव्हती. त्या सायंकाळी त्यांना शांत करण्यासाठी जादा औषधाची गरज पडली नाही, एवढेच. त्यावेळी यमन किंवा दरबारी राग लावून मी काहीही साधले नसते.

खान्देशातील डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट वाचकांना अधिक रस वाटेल तो भाग मेंदूच्या आजारांचा. पक्षाघात किंवा पार्किन्सन झालेल्या व्यक्तीची चाल सुधारण्यासाठी तालबद्ध ध्वनीचा वापर मायकेल थाउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात कोलोरॅडोमध्ये पद्धतशीर तपासला. रुग्ण मिनिटाला किती पावले टाकतो हे आधी मोजतात, तेवढ्याच गतीला मेट्रोनोम (ठरावीक गतीने ठोके देणारे यंत्र) लावून त्यावर ठळक ताल असलेले संगीत देतात, आणि पावले तालात पडू लागल्यावर गती साधारण ५ ते १० टक्क्यांनी वाढवतात. मेंदूतील श्रवण आणि हालचालींची केंद्रे एकमेकांशी घट्ट जोडलेली असल्यामुळे पुढचा ठोका केव्हा येणार हे कानाला आधीच कळते आणि पाय त्याची तयारी करतो. मुक्ताईनगरहून पंढरपूरला निघणाऱ्या पालखीत ज्यांनी पावली खेळली आहे त्यांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही. भजनी ठेका किंवा केरवा या कामासाठी उत्तम, कारण त्यांची वाटणी दोन पावलांत सरळ बसते. मात्र तोल जाणाऱ्या रुग्णाला घरच्या घरी टाळ वाजवून चालवू नये. पहिली मोजणी आणि सोबत जाणकाराचीच हवी.

मेंदूच्या डाव्या बाजूला इजा होऊन वाचा गेलेले काही रुग्ण बोलू शकत नाहीत, पण ओळखीच्या गाण्याच्या ओळी शब्दांसह म्हणू शकतात. यावर आधारलेली ‘मेलोडिक इंटोनेशन थेरपी’ १९७३ मध्ये बोस्टनमधील संशोधकांनी मांडली. रोजच्या गरजेचे छोटे वाक्य दोन स्वरांत, प्रत्येक अक्षराला डाव्या हाताने टिचकी देत, रुग्णाबरोबर गायचे. मग आपला आवाज काढून घ्यायचा आणि शेवटी चाल बोलण्याच्या जवळ आणायची. यातील दोन स्वरांचा चढउतार त्या भाषेच्या स्वाभाविक हेलातून यावा लागतो. इंग्रजीच्या आघातांवर बेतलेली चाल मराठीला बसत नाही, आणि पुण्याच्या मराठीवर बेतलेली चाल साक्रीच्या आजोबांना बसेल असे नाही. ‘माले पानी दे’ हे वाक्य ज्याने लहानपणापासून ऐकले आहे, त्यालाच ते दोन स्वर बिनचूक सापडतील. म्हणूनच हे काम करणारी माणसे खान्देशातच तयार व्हायला हवीत असे माझे स्पष्ट मत आहे. बाहेरून येणारा कितीही शिकलेला असला तरी येथे तो अपुरा पडतो.

आता पुराव्याविषयी, कारण आमच्या वर्गात यावर सर्वांत कडक चर्चा होते. स्वमग्न मुलांवरील संगीतोपचाराचा मोठा अभ्यास २०१७ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ९ देशांतील ३६४ मुलांचा त्यात सहभाग होता, आणि नेहमीच्या मदतीला संगीतोपचाराची जोड दिल्याने स्वमग्नतेच्या सामाजिक लक्षणांत पाच महिन्यांनंतर लक्षणीय फरक आढळला नाही. पुढे २०२२ मध्ये आलेल्या, वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्याने सर्व अभ्यास एकत्र पाहून एकूण सुधारणा आणि जीवनमान यांबाबत काहीसा अनुकूल निष्कर्ष काढला. आमच्या प्राध्यापकांनी पहिला अभ्यास लपवला नाही. उलट तोच आधी वाचायला दिला. राग आणि आजारांचे तक्ते पाठवणाऱ्या स्नेह्यांना माझी विनंती एवढीच की त्यांनी आपल्या तक्त्यालाही ही कसोटी लावावी.

वाद्ये जुळवण्याचा स्वर ४३२ हर्ट्झचा (सेकंदाला ४३२ कंपने) असेल तर संगीत आरोग्यदायी आणि ४४० चा असेल तर घातक, हा संदेश तर खान्देशातील प्रत्येक गटात फिरतो. ४४० हर्ट्झची शिफारस आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९५५ मध्ये केली ती वाद्यवृंदांना एकमेकांशी जुळवून घेता यावे म्हणून. आपल्या संगीतात तर षड्ज गायकाच्या गळ्याप्रमाणे सरकतो. एक जण पेटीच्या काळी एक पट्टीत गातो, दुसरी काळी पाचमध्ये, आणि दोघांचाही भूप राग भूपच राहतो. ज्या परंपरेने सा कधीच खुंटीला बांधला नाही, तिच्या वारसांनी एका आकड्याला शरण जावे याचे मला नवल वाटते.

लंडनमध्ये धातूचे वाडगे घासून त्यांच्या गुंजनात पहुडण्याचे कार्यक्रम होतात, आणि त्यांनी निवांत वाटते हे मी नाकारत नाही. पण ते ऐकताना मला आपल्या पश्चिम पट्ट्यातील कोकणा समाजाची थाळ आठवली. काशाच्या थाळीवर मेणाने काडी उभी करून ती बोटांनी ओढत अखंड नाद काढतात आणि त्यावर रात्रभर कथा गातात. तेथे तो नाद कथेपासून, श्रोत्यांपासून आणि त्या विशिष्ट रात्रीपासून वेगळा काढून विकता येत नाही. जाता जाता हेही लिहून ठेवतो की ध्वनी बरे करतो तसा बिघडवतोही. नवजात अतिदक्षता कक्षातील आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा असे अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची अकादमी सांगते, आणि आमच्याकडे लग्नाचा डीजे प्रसूतिगृहाच्या दारावरून थरथरत जातो.

खान्देशातील कोणाला या शिक्षणाकडे वळायचे असेल तर तयारी आजपासून करता येईल. पदवी कोणत्याही शाखेची चालू शकते, मात्र गाण्यात किंवा एका वाद्यात पक्की तयारी, पियानो किंवा गिटारवर साथ करण्याइतका हात आणि इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेत साधारणपणे ७ गुण लागतात. निवडीच्या वेळी वाजवून दाखवावे लागते, आयत्या वेळी रचावे लागते आणि मुलाखतीत स्वतःविषयी बरेच खोदून विचारतात. त्याआधी आपल्या तालुक्यातील विशेष मुलांच्या शाळेत किंवा वृद्धाश्रमात काही महिने नियमित जाऊन बसावे, आणि शक्यतो पहिले काही आठवडे पेटी घरीच ठेवावी. ज्यांना अर्जाचे कागद, व्हिसा किंवा खर्च यांविषयी विचारायचे आहे त्यांनी जरूर लिहावे. रक्तदाबाच्या रागाविषयी आप्पांना मी कळवले आहे की गोळी वेळेवर घ्यावी आणि जो राग आवडतो तो ऐकावा.