साठीला पाठीवर सॅक: पैठण ते परांडा, बारा दिवस पायी

जानेवारीत मी आणि माझी नणंद पैठणहून परांड्यापर्यंत चालत गेलो, स्वतःचं सामान पाठीवर घेऊन, बारा दिवसांत. मी ६१ ची, वन्सं ५७ च्या. आता ओळखीतल्या चार-पाच जणी विचारायल्यात की आम्हाला जमंल का, त्यांच्यासाठी सगळं नीट लिहून ठेवते.

वाट नवीन नाही. ज्येष्ठ वद्य सप्तमीला नाथांची पालखी पैठणहून पंढरपूरला निघते तीच, लाडजळगाव, रायमोहा, पाटोदा, दिघोळ, खर्डा, परांडा. मध्ये मध्ये नगर जिल्ह्यात शिरते. पण वारीत सामान ट्रकमध्ये असतं, जेवण दिंडीत असतं, हिवाळ्यात दोघीच निघालो की सगळं आपल्यालाच बघावं लागतं. गावोगाव विचारायचे, "माय, कुठली दिंडी?" वन्सं सांगायच्या, "दोघींचीच." मग चहा घेतल्याशिवाय कुणी सोडायचं नाही.

वजनाचं आधी सांगते, कारण तिथंच मी चुकले. निघताना माझी सॅक ११ किलो होती आणि पहिल्याच दिवशी उत्साहात २२ किलोमीटर चाललो, संध्याकाळी उजवा गुडघा टम्म सुजला. दुसरा दिवस मारुतीच्या देवळात पाय उंचावर टेकवून काढला आणि सॅक उपसली. स्टोव्ह, डाळ-तांदूळ, दुसरं पांघरूण, जादाच्या साड्या, सगळं भाच्याला बोलावून मोटारसायकलवर घरी पाठवलं, पाण्यासकट ७ किलोवर आली आणि तिथून पुढं चालण्यात मन लागायला लागलं. मी ३४ वर्षं दवाखान्यात नर्स होते म्हणून सांगते, आपल्या वयात दम महिनाभरात वाढतो, पण गुडघ्याभोवतीचे स्नायू-शिरा तेवढ्यात तयार होत नाहीत. दम पुरतोय म्हणून आपण चालत राहतो आणि गुडघा मागं राहतो. त्यामुळं निघायच्या तीन महिने आधीपासून सॅक पाठीवर घेऊन फिरा, दोन किलोपासून सुरू करा, आणि वाटेवर दिवसाला १५-१६ किलोमीटरच्या वर जाऊ नका, तीन दिवस चाललं की चौथ्या दिवशी अर्धंच चाला. दोन्ही हातात काठ्या घ्या, चढापेक्षा उतारावर गुडघ्यावर जास्त भार येतो, आणि कुत्र्यांसाठीही उपयोग होतो.

बूट अर्धा नंबर मोठे घ्या, दुपारी पाय फुगतात. कुठं चटका लागल्यासारखं वाटलं की तिथंच बसा, बूट काढा आणि दवाखान्यातली कागदी चिकटपट्टी लावा, पुढच्या गावात बघू म्हणलं की फोड आलाच. आलेला फोड फोडू नका. शुगर असेल तर रोज रात्री बॅटरी लावून दोन्ही तळवे बघा, कारण दुखलं नाही म्हणजे जखम नाही असं नसतं. बीपीची लघवी वाढवणारी गोळी असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच निघा. पहाटे थंडी कडाक्याची आणि दुपारी ऊन चटकतं, मी साडेसहाला निघून अकरापर्यंत बरंचसं चालणं उरकायचे. पाणी तीन लिटर.

मुक्काम देवळाच्या सभामंडपात नाहीतर कुणाच्या ओसरीवर. दिवस मावळायच्या तासभर आधी गावात पोचायचं, पुजाऱ्याला किंवा सरपंचाला भेटून आधार कार्ड दाखवायचं आणि कुठून आलो ते सांगायचं. एकदाही नाही म्हणलं नाही कुणी. बाथरूमचं मात्र बायकांनी आधीच ठरवून घ्यावं, मी गावात शिरले की पहिल्यांदा बायकांनाच विचारायचे, लाजायचं नाही, लाजून पाणी कमी पिलं की दुसऱ्या दिवशी चक्कर येते.

आणि हे ध्यानात ठेवा, दिवाळीनंतर शिरूर कासार, पाटोदा भागातली गावं अर्धी रिकामी असतात. लोक ऊसतोडीला गेलेले, घरांना कुलपं, मागं म्हातारी माणसं आणि लेकरं. हॉटेल, दुकान उघडं सापडंल या भरवशावर राहू नका, दोन वेळचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी जवळ पाहिजेच, रोख पैसेही. पाटोद्याच्या अलीकडं एका आजीकडं राहिलो, नातीला ताप होता, मी रात्रभर पट्ट्या ठेवल्या, सकाळी उतरला. आजीचा लेक ऊसतोडीच्या टोळीबरोबर परांड्याकडं कुठंतरी होता, आठ दिवस त्याचा फोन लागत नव्हता. म्हणाली, "दिसला तर सांग माय, पोरगी बरी हाय."

बालाघाटाची चढण लागते ती याच टप्प्यात, हळूहळू चढलात तर जड जात नाही. मला हा भाग सगळ्यात आवडला. अलीकडं सिंदफणा नदी आहे, ती गोदावरीला जाते. तिकडं सौताड्याला विंचरणा नदी दरीत उडी घेते, पुढं सीनेला मिळते आणि सीना भीमेला. म्हणजे नाथांच्या गोदेचं पाणी मागं राहिलं आणि पंढरीच्या नदीचं पाणी सुरू झालं, हे वन्संना सांगितलं तर त्या तिथंच खाली बसल्या आणि मातीला हात लावला.

खर्ड्याचा किल्ला बघा, १७९५ ची मराठे-निजाम लढाई तिथलीच. परांड्याच्या किल्ल्याला अर्धा दिवस ठेवा, विजापूरची मुलुखमैदान तोफ आधी इथं होती. परत यायला परांड्याहून बार्शीला एसटी आहे, बायकांना अर्धं तिकीट.

खर्डा ते परांडा रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या सारख्या असतात, उजव्या कडेनं चाला म्हणजे समोरून येणारं वाहन दिसतं. मी प्रत्येक गाडीला हात करून विचारत होते, "पाटोद्याकडचे का?" शेवटच्या दिवशी एक जोडपं भेटलं, त्याच भागातलं. आजीचा लेक त्यांच्या टोळीत नव्हता, पण दुसऱ्या फडावर त्याच्या गावची माणसं आहेत म्हणाले. बाईनं निरोप दोनदा म्हणून घेतला, पोरगी बरी हाय, ताप उतरला, आणि बैल हाकले.