एकाच्याच हातचं

दुपारी ऊन तिरकं आत येतं, तेव्हा धनुष्य पुसायला घ्यावं. फडकं वरच्या टोकापासून सरसर खाली येतं आणि मुठीखाली, रायझरच्या (मधल्या ताठ, मूठ असलेल्या भागाच्या) चपट्या बाजूवर आलं की आपोआप हळू होतं. तिथे पांढऱ्या शाईनं, बारीक निबानं लिहिलेलं असतं: ५८ इंच, ४७ पौंड, २८ इंचांवर. म्हणजे लांबी, ओढायला लागणारी ताकद, आणि ती मोजली तेव्हाची ओढ. त्याखाली एक क्रमांक आणि सही. छापलेलं काही नाही, सगळं हातानं. सातचा आकडा जरा कललेला. वरून फिनिशचा थर असल्यामुळे ही अक्षरं पुसली जात नाहीत हे ठाऊक असतं, तरी तिथे फडकं जपूनच फिरतं.

ज्यांच्याकडे लाकडी, बिनचाकांची, शिकारीच्या जातीची तीन-चार धनुष्यं असतात त्यांच्या भिंतीकडे एकदा पाहावं. लाकूड वेगळं, लांबी वेगळी, एक सरळ लाँगबो, दुसरं टोकाशी उलटं वळलेलं रीकर्व्ह. सही मात्र बहुधा एकच, एकाच कारागिराची.

का, असं विचारलं तर उत्तर धड मिळत नाही. वेगाचं कारण कुणी सांगू लागला तर खुशाल समजावं की त्याला कारण माहीत नाही. तितक्याच ताकदीची दोन बऱ्यापैकी धनुष्यं आणि तितक्याच वजनाचा बाण घेतला, तर वेगातला फरक वीस यार्डांवर उभ्या असलेल्या कशालाही कळणार नाही. क्रोनोग्राफ, म्हणजे बाणाचा वेग मोजायचं यंत्र, घेऊन फिरणाऱ्यांविषयी आमच्या मनात एक जुनी अढी आहे, ती इथे सोडून देऊ. शिकारीच्या धनुष्याचा गुण वेगात नसतो, आवाजात असतो. सुटल्यावर ते किती गप्प राहतं ते पाहायचं.

पण एकनिष्ठा त्या गप्पपणाशीही नसते. ती असते मुठीशी.

मूठ म्हणजे सगळ्यात कमी मोजली जाणारी जागा. लांबी, ताकद, दोरीचे धागे, सगळ्याचे आकडे असतात. मुठीला फक्त ‘उंच’, ‘मध्यम’, ‘बसकी’ असे तीन ढोबळ शब्द. उंच मुठीत मनगट सरळ राहतं आणि सगळा दाब अंगठा नि पहिल्या बोटाच्या बेचक्यात येतो. बसक्या मुठीत तळहाताची टाच लाकडाला टेकते, हात निवांत असतो, पण धनुष्य पिळलं जाण्याचा धोका वाढतो. या दोहोंच्या मधे रासपीचे (लाकूड खरवडायच्या दातेरी कानशीचे) पाच-सहा फटके असतात, आणि ते फटके कुठे थांबवायचे हे प्रत्येक कारागिराचं आपापलं. इंचाचा सोळावा हिस्सा इकडेतिकडे झाला तरी अंगठ्याखालचा उंचवटा वेगळ्या ठिकाणी दाबला जातो, धनुष्य केसभर वळतं, आणि वीस यार्डांवर बाण बोटभर बाजूला जातो. नेमबाजाला मूठ बदललीय हे कळत नाही. आपण आज चुकतोय एवढंच कळतं. मग तो जुनं धनुष्य उचलतो, बाण जाऊन बसतो आणि निष्ठा आणखी घट्ट होते.

टिलरचं, म्हणजे दोन्ही लिम्ब किती नि कसे वाकावेत ते जुळवण्याचं, प्रकरण याहून खोल आहे. दोन्ही लिम्ब सारखे वाकले पाहिजेत असं बाहेरच्याला वाटतं. (लिम्ब म्हणजे वरचा आणि खालचा लवणारा भाग. मराठीत त्याला भुजा म्हणावं असं फार वाटतं, पण धनुष्यवाले लिम्बच म्हणतात आणि नवखा मनातल्या मनात लिंबू पिळतो.) प्रत्यक्षात ते अगदी सारखे वाकवायचे नसतात. एक बोट बाणाच्या वर आणि दोन खाली अशी पकड असेल तर ओढ धनुष्याच्या मध्याच्या जरा वर पडते. हात मात्र मध्याच्या खाली रोवलेला असतो. म्हणून खालचा लिम्ब किंचित ताठ ठेवतात. दोरी चढवून, रायझर संपतो त्या जागेपासून दोरीपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजलं तर वरचं अंतर एक अष्टमांश ते पाव इंच जास्त भरतं. तिन्ही बोटं बाणाखाली ठेवणाऱ्याला हा फरक जवळजवळ शून्यावर हवा. एकाच्या टिलरचं धनुष्य दुसऱ्या पकडीनं सोडलं तर ते मोडत नाही, पण दोन्ही लिम्ब एका वेळी घरी पोचत नाहीत. मग आवाज वाढतो, मुठीत थरथर उरते, आणि नॉकचा मणी (दोरीवर बाण टेकवायची खूण) वर सरकव, खाली सरकव असा खेळ सुरू होतो.

शहाणा कारागीर म्हणून धनुष्य करायला घेण्याआधी प्रश्न विचारतो. बोटं कशी ठेवता? दोरी कुठवर येते, ओठाच्या कोपऱ्यापर्यंत की हनुवटीखाली? ओढ किती इंच? इथे बहुतेक जण खोटं बोलतात. धनुष्यावरचा आकडा २८ इंचांच्या ओढीवरचा असतो, म्हणून आपलीही ओढ २८ असावी असं प्रत्येकाला वाटतं. प्रत्यक्षात ती २६ असते, कधी त्याहून कमी. दर इंचाला अडीच-तीन पौंडांचा फरक पडतो. म्हणजे ४७ पौंडांचं म्हणून मिरवलेलं धनुष्य हातात भरतं ४१-४२ पौंडांचं. चांगला कारागीर हे ओळखून असतो. तो काही बोलत नाही, सांगितलेल्या आकड्यातून दीड इंच वजा करतो आणि कामाला लागतो. पुढच्या धनुष्याला तो पुन्हा विचारत नाही. त्याच्या वहीत आपली खरी ओढ लिहिलेली असते आणि आपल्या तोंडी खोटी. इतकं झाल्यावर दुसऱ्याकडे जाऊन पहिल्यापासून खोटं कोण बोलणार?

लहानपणी कोण कारागिराचा पत्ता विचारतो! हाताला लागेल ती ओली फांदी, पोत्याची सुतळी, टोकांना खाचा, झालं धनुष्य. पहिल्या दिवशी ते छान वाकायचं आणि तिसऱ्या दिवशी वाकलेलंच राहायचं. ओलं लाकूड दबतं पण उसळत नाही. धनुष्याच्या पोटाकडचे, म्हणजे आपल्याकडे तोंड असलेले तंतू चेपून बसतात आणि दोरी उतरवली तरी सरळ होत नाहीत. तीच फांदी अति वाळलेली असली तर उलटी तऱ्हा: पाठीवरचा एखादा तंतू उचकटतो आणि काड्कन आवाज येतो. धनुष्याची दोनच मरणं असतात, पाठ ताणानं फाटणं आणि पोट दाबानं चुरणं. ती दोन्ही पोरवयातच पाहून झालेली असतात. नावं तेवढी पुढे कळतात.

मोठेपणी लाकूड सुधारतं, मरणं तीच राहतात. यू या झाडाच्या लाकडात निसर्गानं सोयच करून ठेवली आहे: बाहेरचं फिकट लाकूड ताण सोसतं, आतलं गडद लाकूड दाब सोसतं, म्हणून दोन्ही एकाच फळीत राखायची. ओसेज ऑरेंज या अमेरिकी झाडात याच्या उलट, बाहेरचं पांढरं बहुतेक जण काढूनच टाकतात आणि आतल्या पिवळ्या लाकडातलं वाढीचं एकच वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड राखतात. हे वलय सांभाळणं म्हणजे अर्धी विद्या. पात्याचा एक फटका खोल गेला आणि वलय कापलं गेलं की त्या जागी पुढेमागे चिरफळी उठणारच. हिकरी या लाकडाची पाठ सहसा तुटत नाही, पण ती हवेतली ओल पिते आणि पावसाळी दिवसांत धनुष्य मलूल होतं.

थरांच्या धनुष्यात, म्हणजे लाकडाच्या पातळ पट्ट्या नि बाहेरून फायबरग्लास अशा रचनेत, लाकडाचे लहरी स्वभाव बरेच आवरले जातात. तिथे गणित वेगळंच छळतं. लिम्बची रुंदी दहा टक्के वाढवली तर ताकद दहा टक्केच वाढते. जाडी दहा टक्के वाढवली तर ती तेहतीस टक्के वाढते, कारण जाडीचा घन लागतो. सगळे थर मिळून जाडीत कागदाच्या एका पानाइतका फरक पडला की ४५ पौंडांचं धनुष्य दीड पौंडानं चुकतं. त्यातून गोंद. क्लॅम्प फार आवळले की गोंद बाहेर पिळून निघतो आणि सांधा उपाशी राहतो. अशा धनुष्याच्या कडेला कधीतरी दुधाळ रेघ दिसते, ओढताना बारीक टिक् ऐकू येतं. त्या क्षणी ते भिंतीवर टांगावं आणि पुन्हा ओढू नये. बाण न लावता दोरी सोडणं, किंवा धनुष्य उन्हात बंद गाडीत विसरणं, ही पापं मात्र आपली. ती कारागिराच्या माथी मारू नयेत. पायात अडकवून दोरी चढवणाऱ्यांनी लिम्ब पिळला गेल्याची तक्रारही करू नये. दोरी चढवायची साधी दोरी मिळते, ती वापरावी.

धनुष्य करणाऱ्यांत एक जुनं बोलणं आहे की पूर्ण ओढलेलं धनुष्य नऊ-दशांश मोडलेलंच असतं. चांगला कारागीर उरलेल्या एका दशांशात जगतो. ज्याच्या हातून कधी काही मोडलंच नाही असं जो सांगतो, त्याच्याकडून धनुष्य घेऊ नये. एक तर तो खोटं बोलतोय, नाही तर त्याची लाकडं गरजेपेक्षा जाड आहेत.

निष्ठा कारखान्याशीही जडते, हे जरा विचित्र वाटतं. फ्रेड बेअर यांनी १९३३ मध्ये डेट्रॉइटमध्ये धनुष्यांचा धंदा सुरू केला, पुढे तो मिशिगनमधल्याच ग्रेलिंगला नेला. १९६८ मध्ये कंपनी विकली गेली, १९७८ मध्ये कारखाना फ्लोरिडात गेनझव्हिलला हलला. तेच नाव, तीच मॉडेलं. तरीही जुन्या धनुष्यांचे शौकीन ‘ग्रेलिंगचं आहे का’ म्हणून विचारतात, रायझरमध्ये बसवलेलं वाटोळं नाणं कोणत्या धातूचं आहे त्यावरून वय काढतात. त्या धनुष्यांवर एका माणसाचा हात फिरलेला नसतो. तरी गावाचं नाव सहीसारखं वाचलं जातं.

सहीची ही भूक जुनी असावी. १५४५ मध्ये बुडालेलं ‘मेरी रोझ’ हे इंग्लिश जहाज १९८२ मध्ये वर काढलं; त्यावरची १३७ धनुष्यं अखंड सापडली, सगळी यूची. कित्येकांवर मधल्या भागात टोचून केलेल्या बारीक खुणा आहेत. खूण आहे, माणूस नाही. पावणेपाचशे वर्षांपूर्वी कुणीतरी शिपाई ढिगातून नेमकी आपल्या ओळखीची खूण शोधत असेल आणि मागचे ओरडत असतील, असं उगाच वाटतं.

इशीचं तर नावही खरं नव्हतं. १९११ च्या ऑगस्टमध्ये तो कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलला जंगलातून एकटाच बाहेर आला, ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीतला शेवटचा उरलेला. त्यानं आपलं नाव कुणाला सांगितलं नाही. ‘इशी’ म्हणजे त्याच्या भाषेत नुसतं ‘माणूस’. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या संग्रहालयात राहून तो ज्युनिपरची आखूड धनुष्यं करी, पाठीवर स्नायूतंतू चिकटवी. सॅक्स्टन पोप हे त्याच विद्यापीठातले शल्यविशारद. ते त्याच्याकडे धनुर्विद्या शिकले, त्याच्याबरोबर शिकारीला गेले. १९१६ मध्ये इशी वारला. पोप यांनी पुढे जन्मभर त्याचे गोडवे गायले, आणि शिकार केली ती इंग्लिश धर्तीच्या यूच्या लांब धनुष्यानं. गुरू त्यांनी कधी सोडला नाही, धनुष्य मात्र सोडलं. त्यांना नावं ठेवावीत असं वाटत नाही. लांब धनुष्य पूर्ण ओढायची ज्याला सवय लागली त्याला आखूड धनुष्य शेवटच्या दोन इंचांत अंगावर येतं, दर इंचाला चार-पाच पौंडांनी चढत जातं. हात तिथे तयार होत नाही. हाताला गुरुभक्ती कळत नाही.

खरी पंचाईत कारागीर म्हातारा झाला की होते. आधी वाट पाहण्याचे महिने वाढतात. मग कधीतरी मुलगा किंवा शागीर्द हाताशी येतो. मापं तीच, पट्ट्या त्याच, साचाही तोच. नवं धनुष्य येतं, हातात घेतल्यावर सगळं बरोबर असतं, आणि मुठीच्या डाव्या कडेला रासपी जिथे थांबायची तिथे ती थांबलेली नसते. मोजायला गेलं तर काहीच सापडत नाही. काही लोक कानस घेऊन आपणच ती कड उतरवतात. काही जण महिनाभरात हात बदलून घेतात आणि पुन्हा त्याविषयी बोलत नाहीत. उरलेले जुनं धनुष्य आणखी जपून वापरू लागतात. जरा ताणली जाणारी डॅक्रॉनची दोरी, ब्रेस हाइट (चढवलेल्या दोरीचं मुठीपासूनचं अंतर) साडेसात इंचांच्या खाली येऊ द्यायची नाही, बाण दर पौंडाला दहा ग्रेनपेक्षा हलका लावायचा नाही.

इशी म्हणे धनुष्य कोपऱ्यात उभं ठेवू देत नसे. उभं धनुष्य कामच करत राहतं, त्याला घाम फुटतो, असं त्याचं म्हणणं. घामाचं ठाऊक नाही, पण खालच्या टोकावर महिनोन्‌महिने भार टाकून उभं केलेलं धनुष्य पिळलं जातं हे खरं. दोरी उतरवावी, मुठीच्या दोन्ही बाजूंना दोन खुंट्या ठोकाव्यात आणि त्यांवर आडवं निजवावं. धनुष्याचं वरचं टोक डावीकडे की उजवीकडे, याला शास्त्र काही नाही. एका तऱ्हेनं ठेवलं तर सही भिंतीकडे जाते, दुसऱ्या तऱ्हेनं खोलीकडे. भिंतीकडे ठेवलेली अजून तरी कुठे पाहिली नाही.