कूलर बंद झाला की हेडफोन

जळगावात ओपन बॅक हेडफोन ऐकायचे तर थंडीतच. मागून जाळी असते त्यामुळे आवाज मोकळा येतो पण बाहेरचं सगळं आतही येतं, आणि मे महिन्यात ४५ डिग्रीला कूलर घरघरत असताना तानपुरा कुठला ऐकू येणार!

यंदा डिसेंबरात पुण्याहून मित्र आला, हायफायमनचा सुंदारा आणि बेयरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो घेऊन, माझा सेनहायजर एचडी ६०० होताच. रात्री अकरानंतर तिन्हींवर किशोरीताई आमोणकरांचा भूप राग लावला, एकच फाइल, एकच अँप्लिफायर, आणि व्हॉल्यूम प्रत्येक वेळी कानानं सारखा करून, कारण जो जरा मोठा वाजतो तोच भारी वाटतो, इथंच माणूस फसतो.

डीटी ९९० पहिली पाच मिनिटं चमकतो. स्वरमंडळाची एक एक तार वेगळी दिसते म्हणा ना. पण त्याचा ट्रेबल, म्हणजे वरचा बारीक आवाज, वर उचललेला आहे, ‘स’ ‘श’ टोचायला लागले आणि मुख्य म्हणजे गळाच मागं सरकला. अर्ध्या तासात काढून ठेवला.

सुंदारा प्लॅनर आहे, म्हणजे कॉइलनं ढकललेला पडदा नाही, मॅग्नेटसमोर पातळ पडदा सगळाच्या सगळा हलतो. खालचा बास त्यामुळे ढिला पडत नाही, डग्ग्याचा घुमारा पार शेवटपर्यंत ऐकू येतो. आमचे काका तबला वाजवतात, त्यांनी कानाला लावला आणि म्हणाले, “भाऊ, हाऊ ते समोरच बठेल शे!” म्हणजे हा तर समोरच बसलाय!

आणि तरीही मी फिरून एचडी ६०० वरच येतो. १९९७ चं मॉडेल, बास खाली लवकर गळतो, आवाज फार ऐसपैस पसरत नाही, विद्युतरोध ३०० ओहम असल्यामुळे नुसत्या फोनवर मरगळलेला वाजतो, सगळं मान्य. पण पंचमावरून गंधारावर येणारी ती मींड, त्यात गळ्याचा जो दाणा आहे, श्वास आहे, तो मला फक्त इथंच खरा वाटला. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेची गुणगुण, तीसुद्धा चकचकीत नाही, लाकडातून आल्यासारखी. गाणं ऐकताना मला आधी गळा लागतो, बाकी सगळं नंतर.

काका अजून सुंदाराच घे म्हणतात. मी मात्र एचडी ६०० चे नवे पॅड मागवलेत, जुने दबलेत, आणि ड्रायव्हर, म्हणजे आतला वाजणारा भाग, कानाजवळ सरकला की आवाजही बदलतो. होळीच्या आत आले पाहिजेत, नंतर कूलर सुरू होतो.