कान पाडलेला बिबट्या

वाघ, बिबट्या, सिंह, अस्वल आणि माकड यांना शिकवून त्यांचे खेळ करायला १९९८ च्या केंद्रीय अधिसूचनेपासून बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या वर्कशॉपमध्ये शूटिंगसाठी यांत्रिक प्राणी बनतात. आम्हाला काम मिळतं तेही या बंदीमुळेच.

या खेपेला पिंजऱ्यात अडकलेला जखमी बिबट्या हवा होता. आत ॲल्युमिनियमचा सांगाडा, वर सिलिकॉनची कातडी आणि तिच्यात सुईने एकेक रोवलेले केस. डोळे, पापण्या, ओठ, जबडा, कान, प्रत्येकाला वेगळा सर्व्हो, म्हणजे सांगितलेल्या कोनात वळणारी छोटी मोटर. सर्व्होला दर २० मिलिसेकंदांनी एक पल्स, म्हणजे विजेचा क्षणिक इशारा, जातो. तो १ मिलिसेकंदाचा आहे की २, यावर कोन ठरतो. हे जमतं. खरा जीव काढतो तो श्वास. बरगड्यांखालचा कॅम, म्हणजे फिरताना छाती वरखाली करणारी चकती, आम्ही असा घासला होता की छाती पटकन फुगते आणि सावकाश बसते. तरीही एकाच लयीत चालला की यंत्र उघडं पडतं, म्हणून मोटरचा वेग हातानेच कमीजास्त करत राहायचं.

शूटिंग घोडबंदर रोडवरच्या एका शेडमध्ये होतं. दिग्दर्शकांना मान ताठ, जबडा पूर्ण उघडा, अशी डरकाळी हवी होती. गावकऱ्यांच्या घोळक्यात काम करायला आलेल्या ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातल्या पाड्यावरच्या एक वारली मावशी रिहर्सल बघत होत्या. त्या माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "दादा, कोंडलेला वाघ असा उभा नाय राहत. भुईला चिकटतो, कान पाडतो." बिबट्याला त्या वाघच म्हणतात. वाघोबाला नैवेद्य दाखवणाऱ्या घरातल्या बाईचा हा शब्द. मी तो तसाच दिग्दर्शकांच्या कानावर घातला. त्यांनी जेवणाची सुट्टी आम्हाला देऊन टाकली.

कान मागे वळत होता, पण डोक्याला सपाट लागत नव्हता. मुळाशी सिलिकॉन जाड होतं. मानेमागची चेन उघडून मी ते आतून ब्लेडने तासलं. सर्व्होच्या हॉर्नवर, म्हणजे त्याच्या फिरत्या दांडीवर, तार बाहेरच्या छिद्रात अडकवली. ताकद घटते, पण पल्ला वाढतो. कातडी पातळ झाल्यामुळे तेवढी ताकद पुरली.

टेकला डोळे मी चालवत होतो. आधी नजर, मग कान, सगळ्यात शेवटी मान, असा क्रम बिबट्या चालवणाऱ्या आम्ही तिघांनी ठरवला होता. कान सपाट झाले, ओठ थरथरले, श्वास उथळ झाला. समोर बसलेल्या वनरक्षकाच्या भूमिकेतल्या नटाने गजावरचा हात झटकन मागे घेतला. हे संहितेत नव्हतं. दिग्दर्शकांनी तोच टेक ठेवला, डरकाळी गाळली.

पुढच्या बिबट्याच्या प्रत्येक कानाला दोन सर्व्हो असतील. मावशींना मानधन देऊन वर्कशॉपमध्ये बोलावलंय, आणि श्रेयनामावलीत सल्लागार म्हणून त्यांचं नाव यावं, असं निर्मात्यांना लेखी कळवलंय.