फ्लॅशच्या पाठीवरचा पाढा

मामाच्या जुन्या कॅमेऱ्याच्या बॅगेत तळाशी तो फ्लॅश पडला होता. कॅमेरा केव्हाच गेला, माहितीपुस्तिका बहुधा त्याच्याही आधी. उरला तो हा जड काळा ठोकळा. पाठीवर गोल तबकडी, पुढे मसुराएवढं भिंग, त्याच्याजवळ लाल आणि निळ्या ठिपक्यांचं फिरणारं बटण. कंपनीचं नाव घासून गेलेलं, त्यामुळे मॉडेल शोधून पुस्तिका मिळवण्याची वाटही बंद. मामाला फोन केला तर म्हणाला, "लालवर ठेव, चार लाव, आणि काढ." कशावर चार लावू, विचारेपर्यंत त्याने विषय बदलला होता.

सेलचं झाकण उघडलं तर आत पांढरट-हिरवा खार साचलेला. अल्कलाइन सेलचा पाझर अल्कधर्मी असतो, म्हणून कापसाच्या काडीवर व्हिनेगर घेऊन पुसला. जरा फसफसला आणि सुटला. पत्र्या पॉलिश पेपरने घासल्या. स्क्रूला मात्र हात लावला नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि सेल काढले तरी तो बराच वेळ राहतो. तिथे हौस नको.

नवे सेल घातले, बटण सरकवलं. बारीक शिट्टीसारखा आवाज सुरू झाला, चढत चढत कानाच्या पलीकडे गेला आणि पाऊण मिनिटाने नारिंगी दिवा लागला. वर्षानुवर्षं रिकामा पडलेला कपॅसिटर लगेच ताळ्यावर येत नाही. मी तो भरून तसाच ठेवायची, मग टेस्टचं बटण दाबून उडवायची. आठ-दहा फेऱ्यांनंतर बारा सेकंदांत दिवा लागायला लागला. हा दिवा कपॅसिटर पूर्ण भरण्याच्या थोडा आधीच लागतो, हे पुढे कळलं. तेव्हापासून दिवा लागल्यावरही दहा आकडे मोजते.

आता कॅमेऱ्यावर चढवायचा, एवढ्यात आठवलं की जुने फ्लॅश नव्या कॅमेऱ्याला झटका देऊ शकतात. मल्टिमीटरची एक टोकणी फ्लॅशच्या पायाच्या मधल्या ठिपक्याला लावली, दुसरी कडेच्या धातूच्या पट्टीला. १६८ व्होल्ट! काही डिजिटल कॅमेरे २५० पर्यंत सोसतात, काहींना ६ च्या वर चालत नाही. माझा कुठल्या जातीचा, हे पैजेवर लावायची तयारी नव्हती.

म्हणजे फ्लॅश चालू, कॅमेरा चालू, पण दोघांची गाठ घालायची नाही. मग रात्री खोलीत मिट्ट अंधार केला, कॅमेरा तिपाईवर ठेवला, शटर चार सेकंदांवर, आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, १००. दादाला टेपने मोजून तीन मीटरवर बसवलं. शटर उघडलं आणि फ्लॅश हातात धरून टेस्टचं बटण दाबलं. लख्ख उजेड पडला, आणि "झालं ना?" म्हणत दादा उठून चालायलाच लागला. शटर अजून तीन सेकंद उघडंच होतं. मी कपाळाला हात लावला.

पण स्क्रीनवर दादा खुर्चीत बसलेला, भुवईचा केस न् केस स्पष्ट. उठल्याची खूणही नाही. उजेड होता तो सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका. बाकीचा वेळ कॅमेऱ्याने अंधारच पाहिला. फ्लॅशच्या फोटोत शटर स्पीडचा उजेडाशी फारसा संबंध नसतो, हे मी पूर्वी वाचलं होतं. पटलं त्या रात्री.

मग उरलं कॅमेऱ्याच्या भिंगाचं तोंड, म्हणजे अ‍ॅपर्चर आणि अंतर, आणि पाठीवरची तबकडी अचानक वाचता यायला लागली. १०० आसा, म्हणजे आयएसओचंच जुनं नाव; शेजारी २१ डिन, ही त्याच संवेदनशीलतेची जुनी जर्मन मोजणी. खिडकीत १०० आणलं की ७ मीटरसमोर एफ ४ येतं (एफचा आकडा लहान, तितकं तोंड जास्त उघडं), ५ मीटरसमोर ५.६, साडेतीन मीटरसमोर ८. गुणाकार करून बघा: सगळीकडे २८. हाच त्याचा गाइड नंबर. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, म्हणून अ‍ॅपर्चर दोन स्टॉप (दर स्टॉपला उजेड दुप्पट) उघडायचं. अख्खी तबकडी म्हणजे हा एकच पाढा, गोल गुंडाळलेला.

पाढा बरोबर असला तरी फ्लॅश म्हातारा. तीन मीटरवर तबकडीच्या मते ८ आणि ११ च्या मध्ये लावायला हवं होतं. प्रत्यक्षात ११ वर दादा काळवंडला, ५.६ वर पांढराफटक, ८ वर बरोबर. तीन आठे चोवीस. जवळपास अर्धा स्टॉप वयात गेला म्हणायचा. चिकटपट्टीवर २४ लिहून तबकडीखाली डकवलं.

लाल-निळ्याचं कोडं त्यानंतर पाच मिनिटांत सुटलं. लालच्या रेषेवर एफ ४, निळ्याच्या रेषेवर एफ ८. कॅमेऱ्यावर तेच अ‍ॅपर्चर लावायचं. परत आलेला उजेड ते मसुराएवढं भिंग मोजतं आणि पुरेसा झाला की फ्लॅश स्वतःच स्वतःला तोडतो. मामाचं "चार लाव" हे होतं तर! फसतो तो फक्त पांढऱ्या भिंतीपुढे. भिंतच एवढा उजेड परतवते की फ्लॅश लवकर थांबतो आणि माणूस काळा येतो. तिथे मी एक स्टॉप जास्त उघडते.

पुढे ३०० व्होल्टपर्यंत सोसणारा रेडिओ ट्रिगर, म्हणजे बिनतारी फ्लॅश उडवणारं यंत्र, घेतला आणि कॅमेरा निर्धास्त झाला. १/५०० वर फोटोच्या एका कडेला काळा पट्टा आला, कारण तेवढ्या वेगात शटरचे दोन्ही पडदे एकाच वेळी पूर्ण उघडे नसतात. १/१२५ वर कायमची थांबले.

हल्ली फ्लॅशचं तोंड छताकडे करून फोटो काढते. तोंड वर गेलं तरी भिंग समोरच बघत राहतं, त्यामुळे हिशोब चुकत नाही. फक्त छतापर्यंत जाऊन येण्यात बराच उजेड वाया जातो आणि निळ्यावर तो पुरत नाही. म्हणून लाल.