तुम्ही विचारलंत म्हणून: बोंबील फ्राय आणि ड्राय व्हाइट वाइन

प्रश्न साधारण असा असतो: "माशाबरोबर व्हाइट वाइन छान लागते म्हणतात. मग आमच्या घरच्या तळलेल्या माशांबरोबर ती आंबट-कडू का लागली?" ठाण्यात हा प्रश्न सोमवारी जास्त येतो, कारण शनिवार-रविवार नाशिकला जाऊन आलेल्यांच्या डिकीत दोन बाटल्या हमखास असतात.

माशाचा यात काही दोष नाही, आणि वाइनचा क्वचितच. घोळ तिखटात असतो, नाहीतर मग त्या डिकीत.

डिकीचं आधी उरकून घेऊ. उन्हात उभी केलेली गाडी आतून भट्टीसारखी तापते. बाटली तशी तासभर तापली की ताज्या फळाचा वास जातो आणि शिजवलेल्या सफरचंदासारखा जडपणा येतो. बूच थोडं वर सरकलेलं आणि गळ्याशी चिकट ओघळ दिसला, तर ती वाइन तापलेली आहे. वाटेत जेवायला थांबणार असाल तर बाटल्या थर्माकोलच्या खोक्यात ठेवा. इथल्या दुकानातून घेताना काचेच्या शोकेसमध्ये दिव्याखाली उभी असलेली घेऊ नका, आतली मागा. लेबलवरचं सालही बघा. या वाइन मुरवायच्या नसतात, वर्ष-दीड वर्षात संपवलेल्या बऱ्या.

ड्राय म्हणजे गोड नसलेली. लिटरला साधारण ४ ग्रॅमपेक्षा कमी साखर. आपल्याकडे सहज मिळणारी, या कामाची म्हणजे नाशिककडची सोविन्यॉन ब्लाँ. शेनिन ब्लाँमध्ये बऱ्याचदा किंचित गोडी ठेवलेली असते, म्हणून लेबल वाचून घ्या. नाशिकला वाइनच्या द्राक्षांची काढणी जानेवारी ते मार्च. ऊन चढत गेलं की द्राक्षात साखर वाढते आणि आंबटपणा उतरतो, म्हणून पांढऱ्या वाइनची द्राक्षं लवकर, शक्यतो गारव्यात काढतात. घोट घेतल्यावर जिभेच्या कडांना पाणी सुटतं ना, तो हा वाचवलेला आंबटपणा. क्रिस्प म्हणतात ते यालाच.

आता ताटाकडे. या वाइनला लिंबाची फोड समजा. जिथे तुमचा हात आपसूक लिंबाकडे जातो, तिथे ती चालते: तळलेले मासे, कांदाभजी, खोबरं-कोथिंबीर पेरलेले कांदेपोहेसुद्धा. वाइनचा आंबटपणा तेलाचा तवंग कापतो, आणि मिठामुळे वाइन सौम्य लागते. कोथिंबीर वडीबरोबर तर सोविन्यॉन फारच जमते, कारण तिच्यातच ढोबळ्या मिरचीसारखा, कापलेल्या गवतासारखा हिरवा वास असतो.

बिघडतं ते तीन ठिकाणी. पहिलं तिखट. वाइनमधलं १२-१३ टक्के अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं. भाजलेल्या जिभेला फळ कळत नाही, उरतो नुसता आंबट-कडूपणा. झणझणीत आगरी-कोळी मसाल्यातलं कालवण किंवा मामलेदारची मिसळ यांच्यासमोर ही बाटली उघडूच नका. दुसरं, गूळ. ताटातल्या गोडाने ड्राय वाइन आणखी आंबट वाटते, म्हणून चिंच-गुळाच्या अळूवडीला ती किंचित गोड शेनिन बरी. तिसरं, कोकम. ताट वाइनपेक्षा आंबट झालं की वाइन पाणचट लागते. सोलकढी शेवटी भातावर घ्या, वाइन तोवर संपलेली असू दे.

बोंबील मात्र नीट सांगायला हवा, कारण ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातून आणा की बेलापूरच्या दिवाळे गावातून, मूळ अडचण तीच: त्याच्यात पाणी फार. चौघांना आठ-दहा बोंबील मधोमध चिरून, काटा काढून उघडा. किंचित मीठ लावून स्वच्छ फडक्यात पसरा आणि वर पाट व त्यावर खलबत्ता ठेवून अर्धा तास दाबा. फडकं चिंब होतं. ही पायरी गाळली की रवा ओला होऊन सुटतो आणि तव्यावर बोंबील शिजतो, तळला जात नाही. मग पाव चमचा हळद, एक चमचा आलं-लसूण वाटण आणि रंगापुरतं अर्धा चमचा बेडगी तिखट. कोकमाचं आगळ नको. तीन वाट्या रव्याला एक वाटी तांदळाचं पीठ या प्रमाणात मिसळून त्यात घोळवा, लगेच तव्यात सोडा. तेल मध्यम-तेज, पहिली बाजू सोनेरी होईपर्यंत हलवायचं नाही, नाहीतर तुटतो. वरून लिंबू पिळू नका, ते काम ग्लासाचं.

पापलेटाला हिरवं वाटण भरत असाल तर मिरच्या दोनच, खोबरं सढळ. रेड वाइनचं विचाराल, तर तिच्यातल्या लोहाच्या अंशाने माशाबरोबर तोंडात धातूसारखी, हिवस चव येऊ शकते. ती मटणासाठी ठेवा.

गारवा ८ ते १० अंशांचा हवा. फ्रिजमध्ये तीन तास ठेवा, काढल्यावर दहा मिनिटं थांबा. फार थंड असली तर वासच येत नाही. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ, वीस मिनिटं. नुसत्या बर्फात बाटली जागोजागीच टेकते, म्हणून वेळ लागतो. फ्रीझरमध्ये ठेवून विसरलात तर वाइन गोठून फुगते आणि बूच बाहेर येतं. ७५० मिलीच्या बाटलीत दीडशे मिलीचे पाच ग्लास होतात, पण मे महिन्यात घोडबंदर रोडच्या बाल्कनीत बसणार असाल तर एका वेळी शंभरच ओता. तिथल्या दमट हवेत भरलेला ग्लास बघता बघता कोमट होतो. ग्लासात बर्फ टाकणं म्हणजे पैसे देऊन पाणी पिणं.

उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. त्यानंतर ती स्वयंपाकात वापरा, त्यासाठी तिसऱ्या म्हणजे शिंपल्या आणा. अर्धा किलो तिसऱ्या मिठाच्या पाण्यात तासभर ठेवून वाळू सुटू द्या. चमचाभर तेलात लसूण परता, तिसऱ्या टाका, शंभर मिली वाइन ओतून झाकण ठेवा. चार-पाच मिनिटांत शिंपले उघडतात. न उघडलेले फेकून द्या, बाकीच्यांवर ओलं खोबरं आणि कोथिंबीर.